‘टक’ आवाज येतो, पण गाडी सुरू होत नाही: नवी बॅटरी घेण्याआधी काय तपासाल

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, एफएमसुद्धा सुरू होतो. पण इंजिन फिरायच्या जागी नुसतंच ‘टक’, नाहीतर ‘टकटकटकटक’. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा वेळी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, दिवे लागतायत ना, मग बॅटरी ठीकच आहे, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार) गेला. दोघांचाही अंदाजच असतो आणि दोन्ही अंदाज काही हजारांना पडू शकतात. दोष पुष्कळदा बॅटरीत नसतो आणि सेल्फमध्येही नसतो. तो असतो दोघांच्या मधे, म्हणजे टर्मिनलवर, जाड केबलमध्ये किंवा अर्थच्या पट्टीत (बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी पट्टी). तो शोधायला १० नंबरचा पाना, जुना टूथब्रश आणि साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मीटर नसला तरी निम्मं निदान कानांनी आणि डोळ्यांनी होतं.

पुढची पद्धत नेहमीच्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीतही सेल्फ असेल तर हेच लागू.

आधी किल्ली सोडा

पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत बसू नका. बॅटरीत उरलंसुरलं जे काही आहे ते त्यातच संपतं, आणि मग मीटरवर दिसणारा आकडाही फसवा होतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. एसी, दिवे, मोबाइलचा चार्जर बंद. बॉनेट उघडण्यापूर्वी हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसवरून बॉडीला टेकलेली अंगठी क्षणात तापून बोट भाजते.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडी काल पाण्यातून गेली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचं सोडून खालचा पावसाळ्याचा भाग आधी वाचा.

टक कुठून येतो

सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड बसवलेला असतो. किल्ली शेवटपर्यंत फिरवली की एका बारीक वायरीतून त्याला करंट मिळतो आणि आतला लोखंडी दट्ट्या ओढला जातो. त्याच हालचालीत दोन कामं होतात: सेल्फचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दात्यांत सरकतं, आणि तांब्याचे दोन जाड पॉइंट एकमेकांना जोडले जातात. पॉइंट जुळले की बॅटरीचा मोठा करंट मोटारीत शिरतो. आपल्याला ऐकू येतो तो या दट्ट्याचा आवाज.

म्हणजे जाड ‘टक’ आला याचा अर्थ किल्लीचा स्विच, रिले, क्लच किंवा गिअरचा सेफ्टी स्विच आणि ती बारीक वायर इथपर्यंतचा मार्ग बहुधा शाबूत आहे. इमोबिलायझरवरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेवरचा) संशयही मागे पडतो. त्याने अडवलं तर बहुतेक गाड्यांत सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा टकसुद्धा येत नाही.

आता एकदाच किल्ली फिरवा आणि नीट ऐका. शक्य असेल तर किल्ली दुसऱ्या कुणाला फिरवायला सांगून तुम्ही बॉनेटपाशी उभे राहा.

भराभर ‘टकटकटकटक’: सोलेनॉइड जोडतो, मोटार करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, दट्ट्या धरून ठेवण्याइतकीही ताकद उरत नाही, तो सुटतो; भार गेल्यामुळे व्होल्टेज परत वर येतं आणि दट्ट्या पुन्हा ओढला जातो. सेकंदात हे अनेकदा घडतं. याचं कारण जवळजवळ नेहमी उतरलेली बॅटरी किंवा खराब जोड हेच असतं. सेल्फवर संशय घ्यायची घाई नको.

एकच जाड, ठणठणीत ‘टक’ आणि मग शांतता: इथे मात्र सेल्फ, सोलेनॉइडचे पॉइंट, अर्थ किंवा अडकलेलं इंजिन यांपैकी काहीही असू शकतं. मीटरची खरी गरज इथेच लागते.

फ्यूज बॉक्समधून किंवा डॅशबोर्डच्या आतून बारीक ‘टिक’: हा फक्त रिलेचा आवाज. सोलेनॉइडपर्यंत करंट पोचलेलाच नाही. सेल्फवरच्या बारीक वायरीचा क्लिप निघालाय का, गंजलाय का, की उंदराने वायर कुरतडली आहे, ते बघा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात, त्यामुळे ही शक्यता हसण्यावारी नेऊ नका.

दिव्याची परीक्षा

हेडलाइट लावा, समोरच्या भिंतीवर उजेड पडू द्या आणि किल्ली फिरवा. उजेड एकदम विझत आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा जोड सैल आहे. उजेड ढिम्म न हलता तसाच राहिला आणि एक ‘टक’ आला, तर मोटारीने करंट घेतलेलाच नाही. दोष सोलेनॉइडचे पॉइंट, सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) किंवा त्यांच्याकडे जाणाऱ्या केबलमध्ये. उजेड बऱ्यापैकी मंदावला पण विझला नाही, आणि इंजिन हललंच नाही, तर मोटार जोर लावते आहे पण काहीतरी तिला फिरू देत नाही.

काही गाड्यांत किल्ली फिरवताच हेडलाइट आपोआप बंद होतात. तिथे छतावरच्या दिव्याकडे बघा.

टर्मिनल

बॅटरीच्या खांबांवर बसलेल्या दोन्ही क्लॅम्पना, म्हणजे केबलच्या पकडींना, हाताने पिळून बघा. हाताने जरासुद्धा फिरला तर तो सैल आहे. मग पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी शोधा. वरून स्वच्छ दिसणारा जोडही आतून काळपट थराने माखलेला असू शकतो, म्हणून सोडवल्याशिवाय निकाल देऊ नका.

सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. कारण सरळ आहे: मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. मायनस निघालेला असेल तर टेकला तरी काही होत नाही. पेलाभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा. हे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाता कामा नये. फेस थांबला की साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, शिशाच्या खांबावर आणि क्लॅम्पच्या आतल्या बाजूला बारीक पॉलिश पेपर फिरवा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावू नका. बॅटरी काढून जोडल्यावर घड्याळ, एफएमची स्टेशनं आणि काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण पुन्हा सेट करावं लागतं, त्याने घाबरू नका.

नुसत्या एवढ्यानेच बऱ्याच गाड्या सुरू होतात. झाली तर मधले भाग सोडून थेट ‘सुरू झाल्यावर’ या भागाकडे जा.

मीटर लावा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर अँपिअरच्या भोकात नाही ना, हे दोनदा बघा. तशी बॅटरीवर टेकवली तर मीटरचा फ्यूज उडतो. टोकं क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा.

काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ अर्धी, १२.० पाव. ११.८च्या खाली ती रिकामीच धरा. एक आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: रात्रभर चार्ज करूनही १०.५च्या आसपासच थांबली, तर सहापैकी एक सेल मेला. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो, हिशोब तुम्हीच करा. अशी बॅटरी चार्ज करत बसण्यात अर्थ नाही.

पण नुसता १२.६ आकडा बघून बॅटरीला उत्तीर्ण करू नका. म्हाताऱ्या बॅटरीतही भार नसताना व्होल्टेज छान दिसतं. मीटर तसाच धरून कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि आकडा बघा. माझ्या मते सगळ्या तपासात महत्त्वाचा टप्पा हा एकच.

आकडा १२.३-१२.५वरच राहिला आणि ‘टक’ आला: बॅटरीकडे कुणी काही मागितलंच नाही. वाट पुढे कुठेतरी तुटली आहे. नवी बॅटरी घातली तरी हाच ‘टक’ येणार.

आकडा ८, ७ किंवा त्याहून खाली कोसळला: बॅटरी रिकामी किंवा निकामी. कोणतं ते चार्ज केल्यावर कळेल. पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी सेल्फ मारताना आपल्या हवेत ९.६च्या खाली जाऊ नये.

आकडा १०-११वर उतरून तिथेच टिकला, पण इंजिन हललं नाही: करंट जातोय, मोटार अडली आहे. सेल्फ आतून जाम किंवा इंजिन जाम.

मधली गळती

‘दिवे लागतात म्हणजे जोड चांगला’ हा समज इतका पक्का का बसलाय, ते आकड्यांनी बघू. दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ १०० ते १५० अँपिअर घेतो, डिझेलचा त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहूनही जास्त. समजा गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा आहे. दिव्यांसाठी तिथे ०.१ व्होल्ट गळेल, डोळ्याला काहीच कळणार नाही. १५० अँपिअरला मात्र १.५ व्होल्ट गळतील. असे दोन जोड असतील तर तीन व्होल्ट वाटेतच गेले, आणि सेल्फच्या वाट्याला आठ-साडेआठ व्होल्ट उरले. मीटरच्या ओहमवर एवढा बारीक अडथळा दिसत नाही. साध्या मीटरच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून ही गळती व्होल्टमध्ये आणि किल्ली फिरवत असतानाच मोजायची.

एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर, रंगावर नाही. किल्ली फिरवा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट सैल आहे. त्यानंतर एक टोक प्लसच्या खांबावर आणि दुसरं सेल्फवरच्या जाड केबलच्या बोल्टवर, इथे ०.५पेक्षा जास्त नको. प्रत्येक खांब आणि त्याचा क्लॅम्प यांच्यामध्येही मोजा, तिथे जवळजवळ शून्यच यायला हवं.

एक खोच आहे. करंटच वाहत नसेल तर गळतीही शून्य दिसते आणि सगळे जोड उत्तम वाटतात. बॅटरीचा आकडा १२.४वर अडून बसला असेल तर सोलेनॉइडवरच्या दोन जाड बोल्टांमध्ये मीटर लावा. ‘टक’ होताच आकडा शून्याजवळ यायला हवा. टक होऊनही तिथे बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसत राहिलं तर आतले तांब्याचे पॉइंट जळाले आहेत. आकडा शून्यावर आला, दोन्ही बाजूंच्या केबल ठीक, तरी मोटार गप्प. म्हणजे कार्बन झिजलेत.

पुष्कळ गाड्यांत सेल्फ खालूनच दिसतो. त्यासाठी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. हे काम गॅरेजच्या पिटवर होऊ द्या.

मीटर नाही? मग जंपर केबलची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायच्या जाड वायरींच्या जोडीची) काळी वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावा, किल्ली फिरवा. गाडी सुरू झाली तर दोष अर्थच्या पट्टीचा. ती पट्टी नव्या बॅटरीच्या तुलनेत अगदीच स्वस्त मिळते.

जंप स्टार्ट

टकटकटक असेल आणि जोड स्वच्छ असतील तर दुसऱ्या गाडीची मदत घ्या. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात, त्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी लावू नका. बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गळणारी असेल तर जंप करायचाच नाही.

पहिला लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. पहिला काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. शेवटचा काळा मात्र उतरलेल्या बॅटरीला लावायचा नाही. तो तिच्यापासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला. शेवटच्या जोडाशी ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ज्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सरचा छोटा डबा असतो, तिथे मदत करणाऱ्या गाडीचा काळा चिमटासुद्धा बॉडीच्या अर्थ बोल्टलाच लावा.

मदतीची गाडी सुरू करून पाचेक मिनिटं थांबा, मग किल्ली फिरवा. ही पाच मिनिटं लोक थांबत नाहीत आणि ‘जंपनेही झाली नाही’ म्हणून मोकळे होतात. दुसरं कारण केबल. स्वस्त केबलवर रबर जाड आणि आत धातू बारीक असतो. अशी केबल गरम होते आणि सेल्फ तसाच टकटकत राहतो. सुरू झाल्यावर चिमटे उलट्या क्रमाने काढा.

धक्का मारून सुरू करणं हा मॅन्युअल गिअरच्या गाडीचा हक्काचा उपाय: इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडा. ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतील, म्हणून उतारावर किंवा रहदारीत हा प्रयोग नको. ऑटोमॅटिकला धक्क्याचा उपयोग नाही. बॅटरी इतकी उतरलेली असेल की डॅशबोर्डही काळा आहे, तर इंजेक्शनवाल्या गाडीत धक्क्यानेही काही होत नाही. पंप आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) थोडं तरी व्होल्टेज लागतंच.

एकच ‘टक’ आणि बॅटरी निर्दोष

सेल्फचं चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलं असेल तर इग्निशन बंद करा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक सोडा आणि गाडी ढकलून मागेपुढे झुलवा. अडकलेलं चाक कधीकधी असंच सुटतं. या झुलवण्यात इंजिन फिरतंय का तेही कळतं. गाडी गिअरमध्ये दगडासारखी उभी राहिली, चाकं घासली तरी इंजिन हललं नाही, तर दोष विजेचा नाही.

कार्बन झिजले असतील तर एकाने किल्ली धरायची आणि दुसऱ्याने चाकपान्याच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर हलके ठोके द्यायचे. कार्बन जागेवर सरकतो आणि सेल्फ उचलतो. हलके म्हणजे हलकेच. आजच्या अनेक सेल्फमध्ये आत कायम चुंबक असतात आणि जोरात ठोकलं तर ते तडकतात. या युक्तीने सुरू झालेली गाडी वाटेत बंद न करता थेट इलेक्ट्रिशियनकडे न्या.

रस्त्यावरचे कारागीर स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून गाडी सुरू करतात. तुम्ही ते करू नका. गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते, आणि ठिणगी हाताशी उडते ती वेगळी.

पावसाळ्यातला ‘टक’

साचलेल्या पाण्यातून गाडी बंद पडली आणि त्यानंतर एकच ‘टक’ येत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याची शक्यता धरा. पाणी दाबलं जात नाही. जबरदस्तीने सेल्फ किंवा धक्का मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम थेट इंजिन उतरवण्यावर जातं. किल्ली पुन्हा लावू नका, जंप नको, धक्का नको. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टर ओला असेल तर टोइंग बोलवा. गॅरेजमध्ये स्पार्क प्लग, डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा ग्लो प्लग, काढून इंजिन हाताने फिरवतात आणि पाणी बाहेर काढतात. पाणी शिरल्यावर मुद्दाम इंजिन सुरू करून झालेलं नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं.

सुरू झाल्यावर

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट आणि एसी लावूनही १३.५च्या वर राहिलं तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ठीक. १२.५वरून खाली घसरत चाललं तर बॅटरी चार्जच होत नाही. आज जंप केलेली गाडी उद्या पुन्हा टकटकणार. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी आतून शिजते आहे. काही नव्या गाड्यांत ईसीयू चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एकाच क्षणाचा आकडा धरून बसू नका.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘चेक’ करणारे अजून भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा. व्होल्टेजची उसळी ईसीयू मारू शकते.

अल्टरनेटर ठीक, बॅटरी चांगली, तरी दोन-चार दिवस उभी राहिली की गाडी उतरते? मग काहीतरी झोपेतही करंट पितंय. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबल्यावर हा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तेवढाही दिवसाला १.२ अँपिअर-तास खातो, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत अर्धी. डिकीतला ५ वॉटचा दिवा लागून राहिला तर हेच काम दोन दिवसांत होतं. पहिला संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर: डॅशकॅम, ट्रॅकर, अँप्लिफायर, बाहेरून लावलेलं सेंट्रल लॉक.

बुचं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळीही बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. अ‍ॅसिड नको, घरातल्या आरओचंही नको.

गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी लागलीच तर ‘सुरू होत नाही’ एवढंच सांगू नका. उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, अर्थवरची गळती आणि आवाज एक की अनेक, हे चार तपशील सांगा. सेल्फ बदलायला निघाला तर आधी उघडून दाखवायला सांगा. कार्बन, बुश आणि सोलेनॉइड पुष्कळ गाड्यांसाठी सुटे मिळतात, आणि आर्मेचर जळालेलं नसेल तर अख्खा सेल्फ नवा घ्यायची गरज नसते. बॅटरीच बदलायची वेळ आली तर आधी वॉरंटी कार्ड शोधा. बहुतेक वॉरंटींचा पहिला काळ फुकट बदलून देण्याचा असतो आणि नंतरच्या काळात किमतीत सूट मिळते. दुकानदार लोड टेस्टरची चिठ्ठी मागेल. ती बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच काढायला लावा, कारण उतरलेल्या बॅटरीवरच्या चाचणीत चांगली बॅटरीसुद्धा नापास होते.